मालकांची चित्रांची ट्रंक

आमच्या घरी कोणी आलं की मालक, म्हणजे आमचे हे, आधी त्याचं तोंड बघत नाहीत, हात बघतात. "हात बघू," म्हणतात. पाहुण्याला वाटतं हे भविष्य सांगतात, म्हणून तो बिचारा तळहात पुढे करतो. मालक त्याच्या बोटांची टोकं दाबतात आणि म्हणतात, "तेल हाय. लांब बसा." मग त्याला आतल्या खोलीकडे पाठ करून बसवतात.

आतल्या खोलीत एक ट्रंक आहे. ट्रंक माझी, वडिलांनी लग्नात दिलेली. आत मात्र माझं काही नाही. आत चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं आहेत. शाळेतली मुलं त्यांना कॉमिक म्हणतात. मुखवटे घातलेले पुरुष, घोडे, विमानं, समुद्रातली भुतं. मालक मिलमध्ये मागावर आहेत. पगार झाला की बाकीचे हॉटेलात जातात, हे नवी पेठेत रद्दीच्या दुकानात जातात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, दारूपेक्षा बरं. आता तेवढी खात्री राहिली नाही. दारुड्याच्या बायकोच्या बाजूनं चार बायका बोलतात तरी. माझी तक्रार ऐकून बायका हसतात.

शेजारच्या सिद्धव्वा तर तोंडावर म्हणाल्या, "आमच्यात सवत दोन पायाची असती बाई. तुझी कागदाची हाय. जेवाय तरी मागत न्हाई, गप बस की."

जेवायला मागत नाही, पण बाकी सगळं तिला लागतं. नवं पुस्तक आलं की मालक पकडीनं त्याच्या पिना काढतात. "लोखंड कागद खातंय," म्हणतात. मग त्याच भोकांतून सूत ओवून अशी गाठ मारतात की हाताला लागतसुद्धा नाही. माझ्या पोलक्याचं बटण तुटलं तर म्हणतात, "टाचणी लाव की." मग पुस्तक माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायचं. जुनं कोणतं ते तेच ठरवतात. वर कडुलिंबाचा वाळका पाला, कोपऱ्यात वेखंड. उभं ठेवायचं नाही, कागद वाकतो. दर अमावास्येला खालचं वर आणि वरचं खाली करायचं, म्हणजे एकाच पुस्तकावर भार येत नाही. माझं इरकल लुगडं ट्रंकेबाहेर आलं आणि खुंटीवर कसरीनं त्याच्या पदराची चाळण केली. मी दाखवायला नेलं तर म्हणाले, "बघ की. म्हणून तर वेखंड लागतंय."

एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही अशी पुस्तकं होती म्हणे. आमच्याकडचा एक अंक त्यांना हवा होता. हात धुऊन आले, तरी मालकांनी दोनदा पुसायला लावले. जाताना म्हणाले, "विचार करा. एवढ्या पैशात वहिनींना शिलाईचं मशीन येईल." मी दाराआड उभी होते. मालक म्हणाले, "मशीन कवाबी मिळतंय. ह्यो न्हाय मिळत." मला ते मशीन आठवडाभर स्वप्नात दिसलं.

पण लुगड्याचं नि मशीनचं मी गिळलं असतं. रविवार मात्र मला गिळता येत नव्हता. रविवारी दुपारी मालक हात धुऊन आत जात, दार लोटून घेत, आणि थोड्या वेळानं हसू ऐकू येई. मोठं नाही, नाकातल्या नाकात. मध्येच "आरं तिच्या" म्हणत. माझ्याशी बोलताना ते तसं कधी हसले नाहीत. माझ्याशी बोलायचे ते भाकरी, रॉकेल आणि मिलच्या भोंग्याबद्दल. मी भांडी घासत ऐकत असे. मला पुस्तकं नको होती. मला दाराच्या आत बसायचं होतं. एकदा म्हटलंही, "मी येऊ का? मला चौथीपर्यंत वाचता येतंय." तर त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. "तुझ्या हाताला हळद असती," म्हणाले.

मग तो वैशाख आला. सोलापूरच्या उन्हात पापड भाजावा तसा कागद कुरकुरीत होतो. मालक घाबरले. मिलमध्ये मागाच्या खात्यात हवा मुद्दाम ओलसर ठेवतात, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. यांनी तोच न्याय कागदाला लावला. खिडकीला ओलं पोतं टांगलं आणि ट्रंकेच्या चारी कोपऱ्यांत पाण्यानं भरलेली बोळकी ठेवून झाकण घट्ट लावलं. मी उकडत चुलीपाशी, आणि भुतं, विमानं गारव्याला. पुढं आठ-दहा दिवस गावोगावच्या जत्रांमुळं मिलला माणसं कमी होती, म्हणून मालकांची दुहेरी पाळी लागली. ट्रंक बंदच राहिली.

त्यानंतरच्या रविवारी हसू ऐकू आलं नाही. दार उघडलं आणि मालक चुलीपाशी येऊन उभे राहिले. हातात एक पुस्तक होतं, कडेला हिरवट बुरशी. वास मला उठायच्या आधीच आला. कुरडया ओल्या भरल्या की तोच वास येतो.

"उन्हात टाकतो," ते म्हणाले.

"ऊन नको. रंग उडेल, कागद वळेल. सावलीत, पातळ धोतराखाली. आधी कोरड्या कापडानं अलगद झटकायचं."

"तू ये की."

"हाताला हळद हाय."

"राहू दे हळद."

आम्ही पडवीत बाजा टाकल्या आणि सगळी पुस्तकं उघडून पसरली. बरीचशी बुरशीतून वाचली होती. एका पानावर काळ्या घोड्यावरचा माणूस विहिरीवरच्या बाईकडे वाकून काही म्हणत होता. मी सवयीनं अक्षरं लावत मोठ्यानं वाचलं, "बाजूला हो, नाहीतर गोळी घालीन."

मालकांचा हात थांबला. "असं म्हणतोय व्हय त्यो?"

"हितं लिहिलंय की."

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला कुटं येतंय वाचाय. सही तेवढी शिकलोय मिलमदी." आणि आणखी हळू, "मला वाटलं, तिला इचारतोय, जेवलीस का म्हणून."

म्हणजे इतके रविवार हे आत एकटेच बसून दोघांचंही बोलत होते. मी त्या चित्रातल्या बाईकडे पाहिलं. केस मोकळे, कंबर उघडी, आणि तिला माझ्या नवऱ्यानं जेवलीस का म्हणून विचारलं होतं. पण शेजारी मालकांचा चेहरा असा उतरला होता की तिच्याशी भांडायला सवडच मिळाली नाही.

मी पान उलटलं. पुढची अक्षरं स्वच्छ दिसत होती. मी ती पदरानं पुसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ह्यात काई लागत न्हाई. बुरशीनं खाल्लंय. तुमीच सांगा काय ते."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. आधी चाचरत आणि मग रंगत सांगू लागले. घोडेवाल्यानं तिची घागर उचलून दिली. तिच्या माहेरची चौकशी केली. तिच्या पायाला काटा लागला होता, तोही त्याला दिसला. मला त्या बाईचा हेवा वाटतच होता, आणि पुढचं ऐकायचंही होतं. पुस्तक एव्हाना वाळून गेलं होतं. मी पानं उलटत राहिले.