डॉक्टर लगेच 'हो' का म्हणाले?

डॉक्टर पहिल्याच फोनवर 'हो' म्हणाले आणि तिथेच भिंगसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

भिंगसाहेब विमा कंपनीत दावे तपासायचे. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची गाडी खांबाला धडकली, की हे तिथे हजर. आधी खांबाची चौकशी, मग गाडीची. वीस वर्षांत त्यांनी इतकी खोटी कारणं ऐकली होती, की एखादं खरं कारण कानावर पडलं तर त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. 'भिंग' हे नाव ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं होतं आणि घरी बायकोने ते एकमताने मंजूर केलं होतं.

प्रकरण तसं साधं होतं. साहेबांकडे दोन गिटारी होत्या आणि व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल झाले की त्यातून गिटारचा असा काही उबदार आवाज निघायचा की साहेब डोळे मिटून घ्यायचे. एरवी ते डोळे मिटत नसत. आता त्यांना तसाच दुसरा अ‍ॅम्प हवा होता, आणि दातांच्या एका डॉक्टरांनी जाहिरात दिली होती : चांगल्या गिटारच्या बदल्यात व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प देणे आहे.

"एक आहे ना घरात? दुसरा कशाला?" बायकोने विचारलं.

"दोन्ही बाजूंनी आवाज आला ना, की मधे बसणाऱ्याला स्वर्ग."

"आणि मधे कोण बसणार?"

"तू."

"मग एकच पुरे." ती पुस्तकात परत डोकं घालता घालता थांबली. "आणि देणार कुठली? ती लाल? अहो, पहिल्या पगाराची आहे ती! माझ्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा तीच वाजवली होती."

"वाजवली कुठे? नुसती धरली होती."

लाल गिटार द्यायचं साहेबांच्याही जिवावर आलं होतं. पण गेली दोन वर्षं ती नुसती भिंतीवर टांगलेली होती. दर रविवारी तिच्यावरची धूळ पुसायची, एवढाच काय तो संबंध उरला होता. त्यांनी मनावर दगड ठेवून फोन लावला होता. निदान चार दिवस घासाघीस होईल, तेवढ्यात आपलं मन घट्ट होईल, असा हिशेब होता. तर डॉक्टर लगेच 'हो' म्हणाले. एवढ्या सहज कोण कुणाला काय देतं?

शनिवारी दुपारी ते दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणजे गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. हसरी माणसं साहेबांना मुळातच आवडत नसत.

"का देताय हो डॉक्टर एवढी चांगली वस्तू?"

"जागा नाही हो, साहेब."

असं म्हणून डॉक्टरांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. खोलीत एक खुर्ची होती, तो अ‍ॅम्प होता, आणि उरलेल्या जागेत टेबल टेनिसची स्पर्धा भरवता आली असती. साहेबांनी वहीत एक टिंब काढलं. पहिलं खोटं.

मग त्यांनी सोबत आणलेली आपली दुसरी गिटार जोडून तासभर अ‍ॅम्प वाजवून पाहिला. घरघर नाही, खरखर नाही, बटणं लोण्यासारखी फिरतात. साहेब अधिकच अस्वस्थ झाले.

"पावती असेल ना?"

"आहे की." डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून फाइल काढली. पावती, माहितीपुस्तिका, अगदी खोक्यावरची चिठ्ठीसुद्धा. सगळं क्रमाने लावलेलं.

साहेबांना दरदरून घाम फुटला. जळालेल्या घरातून जेव्हा फक्त विम्याचे कागद तेवढे सुखरूप निघतात, तेव्हा आग कुणी लावली हे वेगळं विचारावं लागत नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी आणखी सतरा प्रश्न विचारले. अठराव्या प्रश्नाला डॉक्टरांचं हसू मावळलं.

"साहेब, तुम्ही एवढं खोदून विचारताय, म्हणजे... तुमच्या गिटारमध्ये तर काही गडबड नाही ना?"

झालं. शंका हा गोवरासारखा रोग आहे, एकाला झाला की शेजारच्याला होणारच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॅग घेऊन साहेबांच्या घरी आले. लाल गिटार त्यांनी सोफ्यावर आडवी केली, तिच्यावर टेबललॅम्प ओढला आणि बोटाने जागोजागी टकटक करून पाहिलं. गिटारच्या पोटाला दोन वाकडी भोकं होती. डॉक्टरांनी बॅगेतून दात बघायचा लांब दांड्याचा बारका आरसा काढला आणि अलगद एका भोकातून आत घातला.

"दुखतंय का?" सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

गिटारमध्ये काही सापडलं नाही. त्यामुळे डॉक्टरही घाबरले. शेवटी दोघांनी तोडगा काढला : आठ दिवस गिटार डॉक्टरांकडे, अ‍ॅम्प साहेबांकडे. दोघांनी मनसोक्त तपासायचं. पटलं तर सौदा पक्का, नाही तर ज्याची वस्तू त्याला परत.

पाच दिवस साहेबांनी तो अ‍ॅम्प वाजवला कमी आणि ऐकला जास्त. आवाज बंद करून त्याला कान लावून बसायचे. सहाव्या दिवशी ऑफिसातून लवकर येऊन त्यांनी त्याची मागची फळी काढली. दोन हातांनी एकेक व्हॉल्व्ह हलवून बघता यावा म्हणून टॉर्च दातात धरला.

"काय करताय?" बायकोने आतून विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.

हे म्हणायला तोंड उघडावं लागतं. टॉर्च थेट सर्वांत मोठ्या व्हॉल्व्हवर पडला. 'टिक्' असा अगदी सभ्य आवाज झाला आणि काचेचा चुरा तळाशी सांडला.

साहेब बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. वीस वर्षं लोकांनी त्यांना जे जे सांगितलं होतं, ते सगळं एकेक करून त्यांच्या जिभेवर यायला लागलं. 'आधीपासूनच तडा असेल.' 'मी फक्त हात लावला.' 'मांजर आलं होतं.' त्यांच्या घरी मांजर नव्हतं. पण मग त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सौदा पक्का झाला तर अ‍ॅम्प आपलाच, आणि आपल्या वस्तूची काच आपण फोडली तर कोण विचारणार?

त्यांनी फोन लावला.

"डॉक्टर, मी म्हणतो, कशाला आठ दिवस थांबायचं? पक्कंच करून टाकू या."

"हो!" डॉक्टर म्हणाले. त्यांनी मधे श्वाससुद्धा घेतला नाही. "आणि साहेब, मागाहून कुणी तक्रार करायची नाही, असं कागदावर घेऊ या का?"

साहेबांच्या हातात तसाच कागद तयार होता.

संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्या दोघांनी सह्या केल्या. कुणी वाचलं नाही. 'सही करण्यापूर्वी वाचा' हे वाक्य साहेबांनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल, याची गणती नव्हती. घरी येताना त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं. पण कोपऱ्यापर्यंत पोचता पोचता पुन्हा किडा वळवळला. आपल्याला घाई होती, ती का ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना कसली घाई? म्हणजे अ‍ॅम्पमध्ये आणखी काहीतरी आहे. भलतंच काहीतरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी अ‍ॅम्प रिक्षात घालून ते रेडिओवाल्या काकांच्या दुकानात गेले. काका सत्तरीचे होते. व्हॉल्व्ह बदलून देणारा गावात आता तेवढा एकच माणूस उरला होता. दुकानात आधीच एक गिऱ्हाईक बसलं होतं, आणि काकांच्या टेबलावर लाल गिटार उताणी पडली होती.

"अरे, डॉक्टर!"

"अरे, साहेब..." डॉक्टरांचा चेहरा दात काढायच्या खुर्चीत बसल्यासारखा झाला.

काकांनी कुणाकडेच न बघता गिटार उचलली, उलटी केली आणि हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. आणखी दोन झटक्यांत वाकड्या भोकातून एक छोटी गोल चकती बाहेर पडली. त्या बारक्या आरशाचं डोकं.

"परवा पुन्हा एकदा आत बघत होतो," डॉक्टर पुटपुटले. "नुसता दांडा हातात आला."

साहेबांना चेव चढला. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत! वर लिहून घेतलंत!"

तोवर काकांनी अ‍ॅम्पची फळी काढली होती. "आणि हे काच फोडायचं काम कुणाचं?"

साहेब छताकडे बघायला लागले. दुकानाला पोटमाळा होता.

"हे बघा," काका चष्मा पुसत म्हणाले, "वस्तू दोन्ही ठणठणीत होत्या. रोग तपासण्यातून झालाय."

साहेबांना मात्र राहवेना. त्यांनी विचारलं, "पण जागा नाही असं का सांगितलंत? एवढी मोठी खोली!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "जेवणाच्या सुट्टीत मी मित्राची गिटार या अ‍ॅम्पवर वाजवायचो. बाहेर बसलेल्या पेशंटना वाटायचं, आत कुणाचा तरी दात कोरतायत. तिघं जण परस्पर निघून गेले, साहेब. एकाने तर जाताना कंपाउंडरला सांगितलं, दात आपोआप बरा झाला. आता अ‍ॅम्प देऊन स्वतःची गिटार घ्यावी आणि ती अ‍ॅम्पशिवाय हळूच वाजवावी, म्हटलं."

"मग हेच सांगायचं होतं!"

"तुमचा विश्वास बसला असता?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. बसला नसता.

काकांनी कुठल्याशा डब्यातून जुना व्हॉल्व्ह शोधून बसवला आणि तपासायला म्हणून ती लाल गिटार त्या अ‍ॅम्पला जोडून तारांवरून अंगठा फिरवला. दुकानातल्या बंद पडलेल्या सगळ्या रेडिओंना एकदम कंठ फुटावा, तसा आवाज घुमला. ती गिटार त्या अ‍ॅम्पवर कधी वाजलीच नव्हती. साहेबांनी गिटारकडे बघितलं, डॉक्टरांनी अ‍ॅम्पकडे.

"फसलो," दोघं एकदमच म्हणाले.

रविवारी डॉक्टरांनी गिटार घेऊन साहेबांकडे यायचं, असं ठरलं. कागद केला नाही.

घरी आल्यावर साहेबांनी बायकोला समोर बसवलं आणि टॉर्चपासून आरशापर्यंत सगळं खरं खरं सांगून टाकलं. एक अक्षर लपवलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण एवढं सलग खरं ते पहिल्यांदाच बोलत होते. त्यांना अगदी हलकं वाटलं.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. पुस्तक मिटलं. चष्मा नाकावरून खाली ओढला.

"बरं," ती म्हणाली. "आता खरं काय झालं ते सांगा."