अर्धा व्होल्ट

इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी एका मुलीला एका प्रश्नात दोनपैकी शून्य दिलं आणि तेवढ्यानं ती नापास झाली. तिनं सरळ फेरतपासणीचा अर्ज ठोकला. सरांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत असा आगाऊपणा कुणी केला नव्हता.

प्रश्न साधा होता. उलट्या जोडणीच्या ऑप-अँपला, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपला, निगेटिव्ह फीडबॅक दिला, तर इनपुट इम्पिडन्सचं काय होतं? इम्पिडन्स, म्हणजे आत शिरतानाचा अडथळा, भरपूर असला की ऑप-अँप आलेला सिग्नल नुसता बघतो. कमी असला की त्यातलंच खातो. सरांच्या नोट्सप्रमाणे फीडबॅकनं इम्पिडन्स नेहमीच भरमसाट वाढतो. मुलीनं लिहिलं होतं, ‘उलट्या जोडणीत वाढत नाही. इनपुटला लावलेल्या रेझिस्टरएवढाच राहतो.’

“आत्ता दाखवतो तिला! मामा, मांडा प्रयोग.”

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. त्यांनी मुकाट्यानं सर्किट जोडलं. सरांनी इनपुटच्या रेझिस्टरएवढ्याच आणखी एका रेझिस्टरमधून एक व्होल्ट सोडला. इम्पिडन्स भरमसाट असता, तर सर्किटच्या दाराशी तो अख्खा पोचायला हवा होता. मीटरवर अर्धाच आला.

“ऑप-अँपचा आयसी गेलाय. दुसरा लावा.”

दुसऱ्यालाही अर्धाच. तिसऱ्यालाही.

“मीटर भंगार आहे!”

मामांनी शेजारच्या प्रयोगशाळेतून नवाकोरा मीटर आणला. त्यानं तोच अर्धा व्होल्ट आणखी दोन आकडे पुढं जाऊन दाखवला. मग वायरी बदलल्या, सप्लाय बदलला, ब्रेडबोर्ड बदलला. जुन्यातले आता फक्त सर आणि मामा उरले होते. सरांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

तेवढ्यात ती मुलगी दारात आली. “सर, अर्ज मागे घेते. माझंच चुकलं.”

“असं?” सरांना हायसं वाटलं.

“हो. काल प्रयोग पुन्हा केला. बरोबर एक व्होल्ट आला.”

सरांनी मीटरकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “मला सकाळपासून अर्धा येतोय! तुला एक कसा आला?”

मुलगी मामांकडे बघायला लागली. मामा खाली बघायला लागले.

“मामा, बोला!”

“सर, सगळ्यांना अर्धाच येतो. बावीस वर्षं झाली. पण अर्धा लिहिला की तुम्ही वही भिरकावता. म्हणून पोरं एक लिहितात आणि तुम्ही सही करता. अर्ज केल्यावर हिलाही मी तेच समजावलं.”

सर मटकन स्टुलावर बसले. म्हणजे आजवर एवढ्या बॅचेसकडून आपण खोटंच घोटून घेतलं! त्यांना विलक्षण लाज वाटली आणि त्या लाजेचाही रागच आला.

“मग पेपरात खरं कशाला लिहिलंस?” ते मुलीवर खेकसले.

“शेवटची पाच मिनिटं उरली होती, सर. घाबरायला वेळच नव्हता.”

सरांनी उत्तरपत्रिका ओढली, शून्य खोडून दोन केले आणि सही ठोकली. “झालीस पास. जा आता.”

मुलगी जागची हलेना. “सर, बाकीच्या सगळ्यांनी तुमचंच उत्तर लिहिलंय. त्यांचं काय?”

“तू आधी बाहेर जा!” सर ओरडले, आणि उरलेल्या एकोणसाठ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांनी पुढ्यात ओढला.