नॉर्मनची गाडी, नाताळपर्यंत

"...नाही गं, नाताळपर्यंतच. ग्लेनिस स्वतः म्हणाली. त्यानंतर नॉर्मनला..."

एवढ्यावर खाटकाने कीमा काढायचं यंत्र सुरू केलं. मी रांगेत तिसरा. पुढच्या दोघी बायका बोलतच होत्या, पण मला फक्त त्यांच्या हलणाऱ्या माना दिसत होत्या. यंत्र थांबलं तेव्हा त्या दोघींतली मिसेस कॉड म्हणत होती, "आणि गाडी पुरी होऊन महिनाही झाला नाही बिचाऱ्याची!" मग तिने मागे वळून मला पाहिलं आणि एकदम यंदा गारठा कसा लवकर पडला यावर घसरली. इंग्लंडातल्या आमच्या लाउथ गावात एखादी बाई तुम्हाला बघून हवेवर घसरली, की समजावं, बातमी तुमच्या ओळखीतल्या माणसाची आहे.

आता शहाण्या माणसाने सरळ विचारलं असतं, "काय झालं नॉर्मनला?" मी विचारलं नाही. (मी प्राथमिक शाळेत केअरटेकर आहे. बॉयलर पेटवणं आणि पोरं कुठे ओकली ते वासावरून शोधून काढणं, एवढंच माझं शिक्षण. शहाणपण मुख्याध्यापिकेकडे असतं.) मी अर्धा किलो सॉसेज घेतले आणि उरलेलं वाक्य घरी येईपर्यंत स्वतःच पूर्ण केलं. नाताळपर्यंतच. त्यानंतर नॉर्मनला मूठमाती.

नॉर्मन डाउस म्हणजे आमचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. सव्वीस वर्षांचा शेजार. डबाबंद वाटाण्यांच्या कारखान्यात फिटर होता. अकरा वर्षांपूर्वी त्याने सुट्या भागांच्या पेट्या मागवल्या आणि गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार जोडायला घेतली. ठेंगणी, लांब नाकाची, दारं नाहीत, छप्पर नाही. बसायचं म्हणजे बाथटबमध्ये उतरल्यासारखं. एक अख्खा हिवाळा नुसत्या वायपरवर गेला. सरकारी तपासनिसाने दोनदा नापास केली, कारण कुठली तरी कड बोटाला लागत होती. नॉर्मनने कडेकडेला रबर चिकटवलं आणि सप्टेंबरात गाडी पास झाली. त्या दिवशी तो गल्लीतून एक फेरी मारून आला तेव्हा त्याच्या तोंडावर माशी बसली होती आणि ती हाकलायचंही त्याला भान नव्हतं. साठीचा माणूस इतका खूश मी तरी पाहिलेला नाही. आणि आता नाताळपर्यंतच!

त्याच संध्याकाळी तो कुंपणापाशी आला. हात पुसत उभा राहिला. मग म्हणाला, "ट्रेवर, एक विचारू? गाडी ठेवू की विकू?"

मी विचारलं, "विकायची कशाला?"

"आता तिचा उपयोग काय, असं वाटतं."

"ठेव, नॉर्मन," मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. "शेवटपर्यंत ठेव."

"शेवटपर्यंत म्हणजे?"

"म्हणजे... अगदी शेवटपर्यंत."

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं (माझ्या कानाच्या थोडं पलीकडे पाहिलं, खरं तर) आणि आत निघून गेला.

मी पॉलीनला सांगितलं. पॉलीन म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"खाटकाकडे ऐकलं."

"पूर्ण ऐकलंस?"

"जेवढं ऐकू आलं तेवढं पूर्ण ऐकलं."

एरवी तिने माझी सालटी काढली असती. पण नॉर्मनची बायको ग्लेनिस तिची लाडकी. तिने डोळे पुसले आणि बटाटे सोलायला घेतले.

आमच्या गल्लीत आजारपणाची चौकशी करत नाहीत. तो उद्धटपणा. त्याऐवजी कीमा-बटाट्याची पाई ओव्हनमध्ये भाजतात, भांड्यासकट पायरीवर ठेवतात, बेल वाजवतात आणि पळतात. भांडं परत मिळावं म्हणून खाली चिकटपट्टी लावून त्यावर आडनाव लिहितात. एक पाई म्हणजे फ्लू. दोन म्हणजे ऑपरेशन. पॉलीनने पाई ठेवली ती समोरच्या घराने पाहिली, समोरच्या घराची कोपऱ्यावरच्या घराने पाहिली, आणि बुधवारपर्यंत डाउसांच्या पायरीवर नऊ भांडी होऊन गेली. नऊ म्हणजे आमच्याकडे शवपेटीचं माप घ्यायची वेळ.

आणि गंमत पाहा, कुणी कुणाला चकार शब्द विचारला नाही. सगळे नुसते "सुंदर हवा आहे" म्हणत होते. पाऊस पडत होता.

त्या आठवड्यात नॉर्मन दिसेनासा झाला. ग्लेनिस दिसायची ती लाल डोळ्यांची. माझी खात्री पटत गेली. (खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटत होतं. बातमी माझी होती.) शुक्रवारी पॉलीनने स्थानिक पेपर आणून माझ्यापुढे आपटला. "हे वाच. तुझा सल्ला किती ऐकला ते बघ." नॉर्मनने गाडी विकायला काढली होती. शनिवारी सकाळी बघायला यावे.

मी शनिवारी सकाळी गेलो. भांडं परत आणायला. (तसं सांगायला निमित्त हवं ना.)

गॅरेजमध्ये लिंकनहून आलेला एक दाताचा डॉक्टर उभा होता, गाडी चालवायचे नवे हातमोजे घालून. नॉर्मनने इंजिन सुरू ठेवलं होतं. गाडीचं नाक आतल्या भिंतीकडे, भिंतीला लागून त्यांचा मोठा फ्रीझर. डॉक्टर म्हणाला, "अप्रतिम काम आहे, मिस्टर डाउस. मग विकताय का?"

"नाही विकत," मागून आवाज आला. ग्लेनिस दारात. हातात पिठाचे हात पुसायचं फडकं.

"ग्लेनिस, तू आत जा," नॉर्मन म्हणाला. "उभं राहून त्रास होईल तुला."

"मला कसला त्रास?"

"उगाच लपवू नकोस आता."

"मी लपवते? अकरा वर्षं खपलास या गाडीपायी. आता थोडे दिवस राहिले तर तेवढेही तुला तिच्यासोबत काढू द्यायचे नाहीत? विकून काय करशील?"

"तुला समुद्रावर नेईन. तुझ्याजवळ बसेन. तुझे थोडे दिवस राहिलेत आणि मी गॅरेजमध्ये बसू?"

"माझे?"

"मग कुणाचे?"

"तुझे, मेल्या!"

इंजिन आपलं धडधडत होतं. डॉक्टरने हातमोजे काढायला सुरुवात केली. "मी नंतर येऊ का?" तो अगदी नम्रपणे म्हणाला.

"मला कुणी सांगितलं नाही मी मरतोय ते," नॉर्मन म्हणाला.

"मलाही कुणी सांगितलं नाही मी मरतेय ते," ग्लेनिस म्हणाली. "मग नऊ पाई कुणासाठी आल्या?"

"पहिली कुणाची होती?" नॉर्मनने विचारलं.

ग्लेनिस फ्रीझरपाशी गेली. वर धुऊन ठेवलेली भांडी होती. त्यातलं एक उचलून तिने उलटं केलं आणि चिकटपट्टीवरचं आडनाव मोठ्याने वाचलं. "मॉवर."

मॉवर आडनावाचा माणूस, म्हणजे मी, तेव्हा दारातच उभा होतो.

"ट्रेवर," ग्लेनिस शांतपणे म्हणाली. तिचा हा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. "तू काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. खाटक, यंत्र, नाताळ. सांगताना ते फारच थोडं वाटलं.

नॉर्मन गाडीला टेकला. मग गाडीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "नाताळाआधी डोळ्यांची तपासणी आहे. गाडी चालवायचा परवाना परत द्यावा लागणार. एक डोळा गेलाच, दुसरा जातोय. नजरेचा मध्यभाग जातो. कुणीतरी काचेवर अंगठा दाबून ठेवल्यासारखं. नंबर प्लेट आणि हॉस्पिटलचं पत्र एकाच आठवड्यात पोस्टाने आलं." थोडं थांबून म्हणाला, "ग्लेनिसचा चेहरा अंगठ्याखाली गेलाय. मला वाटलं, तिला काही झालं असेल तर माझ्या आधी सगळ्या गल्लीला दिसलं असणार. मलाच दिसलं नसेल."

ग्लेनिसने त्याचा हात धरला. "मी फक्त मिसेस कॉडला सांगितलं होतं," ती म्हणाली. "शपथ घालून."

"आता गाडी रोज दारासमोर उभी असेल," नॉर्मन म्हणाला. "आणि मी तिच्याजवळून पायी जायचं. त्यापेक्षा जाऊ दे. या गृहस्थांना देऊन टाकू."

डॉक्टर जमिनीकडे बघत होता. कुणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि अशा वेळी तो माणूस मीच असतो.

"मी चालवीन!" मी म्हणालो. "नॉर्मन, विकू नकोस. दर रविवारी मी तुला फिरवून आणीन. मी काय गाडी चालवत नाही? शाळेचा ट्रॅक्टर कोण चालवतं?"

"ट्रेवर, उतर," नॉर्मन म्हणाला, कारण तोवर मी आत उतरलो होतो.

त्या गाडीत पायांच्या जागेला जागा म्हणताच येत नाही. नॉर्मन पातळ कापडी बूट घालून चालवायचा, ते मला माहीत होतं. पण आपल्या पायात शाळेचे पोलादी टोकाचे बूट आहेत, हे मला आत गेल्यावर कळलं. गिअर पडलाय की नाही ते पाहिलं. तो पडला. क्लच सुटला. ब्रेक दाबला तो दाबलाच, पण त्याच बुटाने शेजारचा अॅक्सिलरेटरही दाबला. गाडीने एक उडी मारली आणि फ्रीझरमध्ये नाक खुपसलं. फायबरचा पुढचा भाग अंड्यासारखा तडकला. फ्रीझरचं झाकण उघडलं आणि मिसेस कॉडची पाई बाहेर उडून, नाकावरून घसरत, काचेला वळसा घालून माझ्या मांडीवर बसली. गोठलेली होती, एवढीच देवाची कृपा.

इंजिन बंद पडलं. ग्लेनिस नॉर्मनकडे बघत होती. मला वाटलं, आता हा खरंच जातोय, नाताळची वाट न बघता.

नॉर्मन पुढे आला. त्याने तडकलेल्या नाकावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. बोटं चिरेवरून इकडून तिकडे गेली. "चार इंच," तो म्हणाला. "दुसरी इथे खाली. तिसरी आतून आहे, ती दिसणारही नाही कुणाला." मग डॉक्टरकडे वळला. "माफ करा, साहेब. आता ही विकायच्या लायकीची राहिली नाही. दुरुस्त करावी लागेल मला."

डॉक्टरने हातमोजे खिशात घातले आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो किडलेल्या दाढेकडे पाहत असावा.

नोव्हेंबरभर नॉर्मन त्या नाकावर फायबरचं कापड, रेझिन आणि सँडपेपर घेऊन बसला होता. डोळे मिटूनच काम करायचा. म्हणायचा, उघडे ठेवले की अंगठाच दिसतो. संध्याकाळी ग्लेनिस त्याच्याशेजारी बसून त्या चिंचोळ्या पायजागेत पातळ बुटांनी सराव करायची. बंद इंजिनवर. "क्लच सोड, सावकाश," तो म्हणायचा. "सोडलाय, तू ओरडू नकोस," ती म्हणायची. गल्लीत आता माझ्याशी फक्त हवेवर बोलत होते.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी त्याने परवाना पाकिटात घालून पोस्टात टाकला. म्हणजे खाटकाकडची बातमी अर्धी तरी खरी निघाली: नाताळपर्यंतच. फक्त कशाचं नाताळपर्यंत, ते माझ्या ऐकण्याच्या पुढे होतं. रविवारी सकाळी गवतावर दव गोठलं होतं. गॅरेजचं दार उघडलं आणि ती गाडी मागे मागे बाहेर आली. ग्लेनिस चालवत होती, मानेपर्यंत मफलर गुंडाळून. नॉर्मन डावीकडे, इंजिनचा आवाज ऐकत. मी धावत फाटकापाशी गेलो. पॉलीन म्हणाली होती, माफी नीट मागून ये, आणि तिथे कशाला हात लावू नकोस.

"नॉर्मन," मी म्हणालो, "मला फार वाईट वाटतं रे."

त्याने मान वळवली आणि माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी पाहत राहिला.

"वाईट काय वाटून घ्यायचं," तो म्हणाला. "मधलं गेलं. ग्लेनिसचा चेहरा गेला, घड्याळाचे काटे गेले, पेपर गेला. फक्त कडा राहिल्यात."

मी खिशातला रुमाल काढला.

"पण कडेचं अजून स्वच्छ दिसतं," नॉर्मन म्हणाला. "तुझ्या पुढच्या खिडकीच्या पडद्याची कडच घे. ती जरा बाजूला सारून तू रोज आमच्याकडे बघत उभा असतोस ना, ट्रेवर, तो तू इतका स्पष्ट मला सव्वीस वर्षांत कधी दिसला नव्हतास."