गडूभर यार्देन

यार्देन नदीच्या वाटेला लागलेला आमच्या दिंद्रुडमधला पहिला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगतो, मी! बंकट धुळाजी! निजाम सरकारच्या राज्यात आमच्याकडची माणसं फार तर पैठणला जायची, एखादा नशीबवान काशीला, एखादा हाजी मक्केला. आणि मी? बोटीत बसून, समुद्र ओलांडून थेट प्रभू येशूच्या मुलखात! आता तिथे जाऊन मी नक्की काय केलं, असं कुणी पुढे विचारलं की छाती हळूहळू आत जाते. पण ते ओघाने येईलच.

मी तेव्हा नगरला मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकत होतो. आमच्या विल्मट पाद्रीसाहेबांनी एक दिवस जाहीर केलं की, निवडक ख्रिस्ती विद्यार्थ्यांना घेऊन ते पवित्र देशाच्या यात्रेला निघणार. यरुशलेम, बेथलेहेम, यरीहो आणि यार्देन, म्हणजे जॉर्डन, जिच्यात खुद्द येशूचा बाप्तिस्मा झाला ती नदी! निवड झालेल्यांत माझं नाव होतं, आणि शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या चौसाळ्याच्या सिदूचंही. सिदूचं नाव कसं आलं, हे मला तेव्हा कोडंच होतं. मी बोलणारा, तो बघणारा. यात्रेला बोलणारा माणूस लागतो, अशी माझी ठाम समजूत होती.

बातमी घरी पोचली आणि आईनं, म्हणजे भिवराबाईनं, यात्रेचा ताबाच घेतला. त्याला कारणही तसंच होतं. माझ्या बहिणीची, मंजुळाची, आधीची दोन लेकरं राहिली नव्हती. आता तिसरी मुलगी झाली होती, गुटगुटीत, रडून गल्ली जागवणारी. आईनं जाहीर केलं, "या लेकराचा बाप्तिस्मा यार्देनच्या पाण्यानं! दुसरं पाणी डोक्याला लागू द्यायची न्हाई!"

वडील मिशनच्या शाळेत मास्तर आणि रविवारी उपदेशक. ते म्हणाले, "अगं, आपल्यात नवस नसतो."

"नवस कोण करतंय? प्रार्थनाच हाय. पण पाणी आणायचंच!"

तिनं माझ्यासाठी गडू आणला. तांब्याचा, आतून कल्हई केलेला, अरुंद तोंडाचा. काशीहून येणारे गंगा आणतात, अगदी तसाच. आणि वर ताकीद दिली, "तिथंच तोंड झाळून घ्यायचं. वाटंत उघडायचं न्हाई! तीर्थ घरी येऊन चार माणसांत उघडत्यात. आन हे बघ, परमुलखात कुणी काय पुढं केलं तर न्हाई म्हणायचं न्हाई. टाकायचं तर मुळीच न्हाई. समोरच्याचं तोंड पडतं."

वडिलांनी नवी शेरवानी शिवली आणि गोंड्याची लाल रुमी टोपी घेतली. "निजामाच्या राज्यातला माणूस हाईस. परमुलखात बोडक्यानं फिरशील का?"

एवढं करून आई थांबली असती तर ती भिवराबाई कसली! पाणी यायच्या आधीच तिनं ते गावभर वाटून टाकलं. पाटलाच्या तुळजाबाईंना गुडघ्यासाठी पळीभर, शेजारच्या आमिनाबीला सुनेसाठी पळीभर, आणि असंच कुणाकुणाला. मी निघालो तेव्हा निम्मं दिंद्रुड माझ्या नव्हे, गडूच्या पाया पडलं.

बोटीत मला समुद्र लागला, त्याचं वर्णन मी करणार नाही. यरुशलेम पाहिलं, बेथलेहेम पाहिलं. गडू माझ्या काखेत. सोबतची पोरं म्हणायची, "बंकट, हा गडू तुझ्या अंगालाच फुटलाय का बे?" मी लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष यार्देनकडे!

अखेर तो दिवस उगवला. मोटारीत बसून आम्ही यरीहोच्या उताराला लागलो. ऊन असं की आमच्या चैताला हुडहुडी भरावी! नदी आता थोडीच राहिली, असं साहेब म्हणाले आणि फट्! चाक बसलं.

जवळच काळ्या केसांच्या कापडाचा एक भला मोठा तंबू होता. त्यातून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा शेख बाहेर आला. त्यानं साहेबांची हॅट पाहिली, पोरांची बोडकी डोकी पाहिली, आणि मग माझी रुमी टोपी पाहिली. झालं! थेट माझ्याकडेच आला. काही तरी विचारलं. मला कळलं नाही, पण आपला मुलूख विचारत असेल म्हणून मी सांगून टाकलं, "हैदराबाद! निजाम!"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं छातीवर हात ठेवला, माझ्या खांद्याला धरलं आणि तंबूकडे न्यायला लागला. मी निजामाचा पुतण्या की भाचा, त्यानं काय समजून घेतलं देव जाणे!

साहेब म्हणाले, "जा बंकट, नको म्हणू नकोस. त्यांचा अपमान होईल. चाक बसवेपर्यंत लवकर परत ये."

मी गडूसकट गेलो. गालिच्यावर बसवलं, पाठीला लोड दिले. एकानं लांब चोचीच्या पितळी भांड्यातून चिमुकल्या वाटीत काळं काही तरी ओतून दिलं. कॉफी! मी नगरला एकदा साहेबांच्या बंगल्यावर चाखली होती, पण ती दुधाची आणि साखरेची. ही? कडुलिंबाचा पाला बरा! वर वेलदोड्याचा घमघमाट. पण आईचे शब्द आठवले. डोळे मिटून वाटी रिकामी केली आणि पुढे ठेवली.

लगेच भरली!

पुन्हा प्यायलो. पुन्हा भरली! आमच्याकडे वाटी संपवली म्हणजे यजमानाचा मान राखला. इथे वाटी रिकामी दिसली की तो भांडंवाला वाकलाच! आता ही भरलेली वाटी टाकायची कशी? टाकायचं तर मुळीच न्हाई! मी पीत होतो, तो ओतत होता. शेख कौतुकानं बघत होता. त्यानं शेजाऱ्याला बोलावलं, शेजाऱ्यानं भावाला. तंबूत गर्दी झाली. एखाद्या पैलवानाची कुस्ती बघावी तसे सगळे माझ्याभोवती बसले. माझे कान वाजायला लागले, हाताची बोटं आपोआप तबला वाजवू लागली.

बाहेर भोंगा वाजला. मी उठायला गेलो तर शेखनं हाताला धरून बसवलं आणि बाहेर बोट केलं. कुणी तरी मेंढी कापत होतं. माझ्यासाठी!

साहेबांचा आवाज आला, "बंकट, उजेड जाईल! आम्ही नदीवर जाऊन येतो. येताना तुला घेतो!"

"साहेब! माझं पाणी!" मी ओरडलो. मोटार निघूनसुद्धा गेली.

काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समुद्र ओलांडून आलो आणि नदी हाकेच्या अंतरावर असताना मी गालिच्यावर! लेकराचा बाप्तिस्मा, आईचा शब्द, तुळजाबाईंचा गुडघा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी गडू उचलला. शेखपुढे धरला. गडूकडे बोट दाखवलं, भरा अशी खूण केली, मग छातीवर हात ठेवला आणि दूर पूर्वेकडे हात करून म्हणालो, "आई! माझी आई!"

म्हाताऱ्याला बरोबर कळलं. कुठल्याही मुलखात आई कळते. त्याचेही डोळे भरून आले. त्यानं हाक मारली, दोघंजण गडू घेऊन तंबूमागे पळाले. नदी त्याच बाजूला होती! थोड्या वेळानं ते परतले. गडू काठोकाठ भरलेला, तोंडात कापडाचा घट्ट बोळा. इतक्या लवकर? मी मनात म्हटलं, वाळवंटातले पाय ते! गडू हाताला गरम लागत होता. म्हटलं, एवढ्या उन्हात नदी तापणारच!

मेंढी खाऊन मी तृप्त झालो तेव्हा मोटार परत आली. सगळ्यांचे केस ओले. सिदूनं खिशातून क्विनाइनची रिकामी शिशी काढून दाखवली. तळाला चमचाभर गढूळ पाणी. "मायसाठी घेतलं."

"एवढंच?" मी हसलो. "हे बघ माझं! काठोकाठ! माणसं धाडून आणवलं!"

साहेबांना कॉफीची हकिकत सांगितली तेव्हा ते पोट धरधरून हसले. "अरे, नको असेल तेव्हा रिकामी वाटी हातात धरून हलवायची असते! नाही तर ते ओततच राहतात. त्यांना वाटलं असेल, याला कॉफीचं फारच वेड आहे!"

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच धरायला हवं होतं.

यरुशलेमच्या बाजारात एका तांबटाकडून गडूचं तोंड झाळून घेतलं. झाळताना त्यानं नाकानं वास ओढला आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मलाही वेलदोड्याचा वास आला. पण माझ्या शेरवानीलाच तो वास लागला होता. शिवाय पवित्र नदी म्हटल्यावर थोडा सुगंध असायचाच!

परतीच्या वाटेवर सिदू आणि मी निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा जकात नाका लागला. तिथल्या मुनव्वर नावाच्या कारकुनानं गडू हलवून बघितला. आत खळखळ.

"दारू है क्या बे? खोलो इसको!"

"खोलनेका नई साहेब! बैतुल मुकद्दसचं पाणी हाय. घरी जाऊनच उघडायचं."

यरुशलेमचं हे मुसलमानी नाव कानावर पडताच तो खुर्चीतून उठला. गडू दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांना लावला, आणि चपराश्याला म्हणाला, "दस्तगीर, इनकू पानी पिला. दूर से आए हैं." आम्हाला नाक्यावरून मानानं सोडलं. त्यानं तेव्हा जरा हट्ट केला असता तर फार बरं झालं असतं, असं आज वाटतं.

दिंद्रुडच्या वेशीवर हलगी घेऊन माणसं उभी होती. आईनं माझ्या आधी गडू ओवाळला. सिदूला पुढे चौसाळ्याला जायचं होतं, पण बाप्तिस्म्याचं बोकडाचं जेवण सोडून कोण जातो? तोही राहिला. दुसऱ्या दिवशी विल्मट साहेब टांग्यानं आले.

प्रार्थनाघर गच्च भरलं. दारात आमिनाबी, तिच्यापलीकडे तुळजाबाई. एरवी आमच्या अंगणात पाय न ठेवणाऱ्या! "तीर्थाला कसली आलीय शिवाशिव," असं स्वतःच म्हणत वाटी घेऊन आलेल्या. मंजुळाच्या मांडीवर लेकरू पांढऱ्या झबल्यात. साहेबांनी चाकूच्या टोकानं झाळ काढली, बोळा उपसला आणि पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात गडू कलता केला.

काळंकुट्ट!

आई पुढे वाकली. अगदी हळू आवाजात, आशेनं म्हणाली, "बंकट, नदी काळी हाय का रं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "भिवराबाई, ही तर कॉफी आहे! जरा आंबलेली."

मंजुळा रडायला लागली. तिचं बघून लेकरूही. वडील म्हणाले, "कसलं बी पाणी चालतंय. देव पाणी बघत न्हाई, मन बघतो."

"माझं मन यार्देनवरच हाय!" आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून मटकन बसली. तिला असं बसलेलं मी फक्त दोनदाच पाहिलं होतं, मंजुळाची लेकरं गेली तेव्हा.

तेवढ्यात सिदू उठला. खिशातली शिशी काढून आईपुढे धरली. "मावशी, एवढ्यात भागंल का?"

आईनं शिशी पाहिली. "तुझ्या मायची हाय न्हवं ती? समदी कशी घेऊ?"

दारातून तुळजाबाई कडाडल्या, "समदी कशापायी लागती? गंगेचा एक थेंब रांजणात पडला की समदा रांजण गंगा होतो. तुमच्या नदीला तेवढं बी बळ न्हाई व्हय?"

साहेबांच्या धर्मशास्त्रात हे बसत नसावं, तरी त्यांनी वाडगा आईपुढे सरकवला. आईनं डोळे पुसले. वाडगा विसळून विहिरीच्या पाण्यानं भरला, सिदूनं त्यात थोडे थेंब टाकले आणि उरलेली शिशी खिशात ठेवली. साहेबांनी ते पाणी लेकराच्या डोक्यावर घातलं. रिबका! नाव पडलं, तसं लेकरू रडायचं थांबून हसलं. आई माझ्याकडे बघून हसली. कुणी काहीही म्हणो, यात्रा मला तेव्हा पावली.

उरली गडूतली कॉफी. मी ती गुपचूप बाहेर ओतायला निघालो तर आमिनाबीनं हात धरला. "बच्चा इत्ती दूर से लाया, फेकते क्या?" सगळ्यांनी पळी पळी घेतली. तुळजाबाईंनी तोंड वेडंवाकडं केलं. "लई कडू हाय! म्हंजे गुणाची असणार." दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा निरोप आला, रातभर डोळ्याला डोळा न्हाई, पण गुडघा लई हलका झालाय, आणखी हाय का?

आता रिबका मोठी झाली आहे, तिचा स्वतःचा संसार आहे. यार्देन कशी दिसते हे तिला ऐकायचं असलं की ती सिदूमामाला विचारते. माझ्यासाठी मात्र हैदराबादहून कॉफी मागवून ठेवते, आणि मी दारात दिसलो की विचारते, "मामा, तीर्थ ठेवू का?"

मी निमूटपणे पितो. संपली की आता शहाणा झालेला माणूस म्हणून रिकामा कप हातात धरून हलवतो. त्यासरशी रिबका किटली घेऊन धावत येते आणि म्हणते, "बघा, मामाला अजून हवी!"