टीव्हीवरचे टमाटे

होळीच्या सकाळी भिकाने टमाट्याची रोपं फळ्यांच्या खोक्यात घालून अंगणात आणली आणि सिल्वासाच्या आमलीतल्या सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "संपली रे थंडी!" तेव्हा दोरीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळत होती.

सोनी खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती. ती शाळेच्या वाचनालयात कामाला होती.

"एवढं एक पान वाच अन् जा व माय. बाहेर काढल्यावर पाणी किती घालायचं?"

"बाबा, मला उशीर होतोय," असं म्हणत तिने उभ्या उभ्या पान वाचून दाखवलं.

ही भानगड जानेवारीत सुरू झाली होती. भिका सुताच्या कारखान्यात फिटर. नवी मशिनं बसवायला आलेला परदेशी इंजिनियर जाताना बागकामाचं एक इंग्रजी मासिक विसरून गेला. मधल्या पानावरचा लालबुंद टमाटा पाहून भिकाने ते घरी आणलं. सोनीने वाचून मराठीत सांगितलं: शेवटचं हिम पडायच्या आठ आठवडे आधी बी घरात, उबेत लावावं. हिम संपलं की रोपं बाहेर काढावीत.

"आपल्याकडं शेवटचं हिम कधी?"

सोनीचा एक पाय चपलेत होता. "होळीला," ती म्हणाली. "होळी पेटली की थंडी जाते ना. चला, मला उशीर होतोय."

भिकाने बोटांवर आठवडे मोजले आणि त्याच संध्याकाळी कारखान्यातल्या सूत गुंडाळायच्या टाकाऊ कागदी कोनांत माती भरून बी पेरलं. आजूबाजूच्या परसांत तेव्हा लोक टमाटे तोडून तोडून कंटाळले होते.

आता ऊब हवी. घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे टीव्हीचं डोकं. कोन ताटात रचून तिथे बसले. पण ऊब टिकायची तर टीव्ही दिवसभर चालू हवा, आणि भिकाला तर ड्यूटी. शेजारच्या मंजुळाबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊनच आल्या.

"भाऊ, तू जा बिनघोर. मी टीव्ही बंद होऊ देत नाही. रोपांसाठी हां!"

रोपांसाठी आठवड्याभरात अकरा बाया जमू लागल्या. समोरचा चिंधा तर रात्रपाळी करून, झोप सोडून, रोपांसाठी यायचा. एका दुपारी मालिकेतली सून विषाची बाटली तोंडाला लावणार, तोच मंजुळाबाईंना रोपांना पाणी घालायचं आठवलं. ताट भरून वाहिलं. टीव्हीतून फट् आवाज आला, मग धूर.

"पण प्यायली का नाही मग ती?" चाळ तीन दिवस एकमेकांना विचारत होती. टीव्हीचं कुणी विचारलं नाही.

मग रोपं खोक्यात, वर पिवळा बल्ब. मग मासिकाने सांगितलं, रोपांना हवेची सवय लावा. आज तासभर बाहेर, उद्या दोन तास. रोज सकाळी नऊला एक पान.

"छान वाचतेस. कंटाळा नाही ना येत?"

"बाबा, लवकर विचारा. उशीर होतोय."

होळीची गोष्ट मासिकात नाही, हे ती रोज सांगणार होती. पण एव्हाना भिकाने होळीचा मुहूर्त साऱ्या चाळीला सांगून टाकला होता. आता खरं बोललं तर लोक हसणार, आणि हसणार ते बाबांना.

होळीच्या संध्याकाळी सोनी परतली तेव्हा अंगणात खोकं नव्हतं. दुपारच्या उन्हात सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या, आणि चिंधा होळीसाठी लाकडं गोळा करत फिरला होता.

"भाऊ, आईशपथ, वाळलेली झाडं, फळ्यांचं खोकं... मला वाटलं, होळीलाच काढून ठेवलंय!"

पेटलेल्या होळीसमोर भिका हसू लागला, आणि हसता हसता खालीच बसला. "सोने, मासिकात याच्यावर काय उपाय लिहिलाय?"

खोक्यात मावलं नाही म्हणून एक वाकडं, लांबुडकं रोप तेवढं स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिलं होतं.

"त्याचं काय करायचं, ते उद्या वाच."

"उद्या वाचते."

दुसऱ्या सकाळी भिका उठला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले.

एप्रिल सरता सरता खिडकीतल्या रोपाला दोन टमाटे लागले. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली, आणि सगळ्या सिल्वासात गारवा उरला होता तो त्या खिडकीत. मंजुळाबाई बघायला आल्या.

"मावशी, एक सांगते," सोनी म्हणाली. "होळीचं मासिकात नव्हतं. मी मनानं सांगितलं होतं."

मंजुळाबाई हसल्या. "त्याला म्हाईत होतं की! तापीकाठी टमाटे लावून लावून मोठा झालेला माणूस तो. मी बोलले पण, भाऊ, संक्रांतीला कोणी बी पेरतं का? तर म्हणतो, 'गप बसा. आई गेल्यापासून पोरगी बोलेना झालती. आता रोज पानभर बोलते. टमाटे काय, बाजारात मिळतात.'"

"आणि टीव्ही?"

"टीव्हीचं मात्र त्याला खरंच वाईट वाटलं गं."

त्या गेल्यावर सोनीने मासिक उघडलं. नऊ वाजले होते. फळ धरल्यावर काय करावं, ते पान तिने खिडकीपाशी बसून सावकाश वाचलं, एकेक वाक्य मराठीत, शेवटच्या ओळीपर्यंत.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "वाचनालय अकराला उघडायचं. मला कधीच उशीर होत नव्हता."