वन्संची कुपी

माझ्या आत्याच्या मते माझा आणि तिचा काडीचाही संबंध नाही. दारात आलेल्या गॅसवाल्यालासुद्धा ती हे ऐकवते. "ही? भावाची मुलगी. पण आमची नव्हे हो. आईची ती, सांगोल्याची!"

गॅसवाला बिचारा मला सावत्र समजून हळहळतो.

आत्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरातच तिचा जन्म गेला. तिचं म्हणणं असं, की आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया नावाची बारकी वीजघरं असतात आणि त्यांची जनुकं फक्त आईकडून येतात. बापाचं तिथं काही चालत नाही. माझ्या वडिलांचं घरात तसंही काही चालत नाही, त्यामुळे त्यांना हे लगेच पटलं.

रिटायर झाल्यावर तिनं मेफ्लायचा ध्यास घेतला. मेफ्लाय म्हणजे ओढ्याकाठची लांब शेपट्यांची नाजूक पाखरं. पिल्लू असताना महिनोन् महिने पाण्यात राहायचं, आणि पंख फुटले की एक-दोन दिवसांत कारभार आटोपायचा. तेवढ्या दिवसांत खाणंपिणंही नाही. तोंड असून नसल्यासारखं. म्हणून आमच्यात कुणी ताटात टाकलं की आत्या ओरडते, "तोंड दिलंय ना देवानं? मग जेव की!"

वेगवेगळ्या जातींच्या मेफ्लायची ही आईकडची जनुकं शेजारी शेजारी मांडून ताडायची आणि कोण कुणाची बहीण, कोण कुणाची लांबची मावशी ते लावायचं, हे तिचं काम. लग्नं जमवणाऱ्या बायकाही इतक्या खोलात जात नाहीत.

नमुने स्पिरिटच्या कुप्यांत, आणि कुप्या आमच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. त्या एका कप्प्यावरून आई आणि आत्याचं रोज जुंपायचं.

"वन्सं, तुमचे किडे सरकवा. दही काय डोक्यावर ठेवू?"

"वहिनी, दही उद्या परत लावता येईल. हे किडे नाही लावता येत."

नणंदेला अजून 'वन्सं' म्हणणारी आमच्या गल्लीत माझी आई एकटीच.

मागच्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी आईनं फ्रीज धुवायला काढला. एका कुपीचं झाकण सैल झालेलं. "अगंबाई, देवी यायच्या तोंडावर दारूचा वास!" म्हणत तिनं ती मोरीत ओतली. नेमकी आईच्याच माहेरच्या ओढ्यातली. त्या किड्याची जनुकं कुणाशीच जुळत नव्हती. नवी जात असावी असं आत्याला वाटत होतं. खात्रीसाठी पुन्हा तपासायची होती, आणि नमुना तेवढा एकच.

आत्या ओरडली नाही. "असू दे," म्हणाली आणि खोलीत गेली. नंतर दहा दिवस गप्प. फ्रीज उघडायचा, बंद व्हायचा, भांडण नाही. "दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं गं," म्हणून आई माझ्यापाशी रडली.

दसरा झाला तशी ती आत्यापुढं उभी राहिली. "चला सांगोल्याला. वड्याला पानी हाय अजून." माहेरचा विषय निघाला की आईची जीभही माहेरी जाते.

आम्ही तिघी एसटीनं गेलो. साठीची माझी आई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, हातात घरनं आणलेली चहाची गाळणी. दगड उलटायची, गाळणी फिरवायची, दाखवायची. आत्याची किडे धरायची जाळी काठावर तशीच पडलेली; ती भिंगातून बघून नकारार्थी मान हलवायची. दुपार झाली.

"राहू दे वहिनी. नाही मिळत."

"तुमी गप बसा वन्सं!"

शेवटी एका दगडाखाली काहीतरी वळवळलं. आत्यानं भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. "हाच गं! हाच!" आणि लगेच कडाडली, "पण गाळणीनं कुणी धरतं का? पाय मोडला की त्याचा!"

"मग सकाळधरनं तुमची जाळी काय करत होती?"

"आधी तू ओतलीस कशाला?"

जुंपलं एकदाचं भांडण! आई तोंडानं भांडत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मला तर नाचावंसं वाटलं.

पलीकडं मेंढरं पाण्यावर घेऊन आलेली एक म्हातारी हे सगळं ऐकत होती. गावची लेक म्हणून तिनं आईला ओळखलं, मग आत्याला विचारलं, "लई भांडताय की! बाई, तुमचं सासर कुटलं?"

आत्या कुपीचं झाकण घट्ट लावत होती. "सासर नाही हो मला."

"आन् म्हायेर?"

आत्यानं आईकडं बघितलं.

"आई गेली तेव्हाच संपायचं ते," ती म्हणाली. "हिनं राखलंय."