अपडेटचा अबोला

निलंग्याच्या बसस्थानकासमोर बॅनर छापण्याचे दुकान चालवणाऱ्या राजशेखर आणि उज्वला या दांपत्याचा सकाळपासून अबोला होता. कारण दुकानातल्या संगणकाची लिनक्स प्रणाली. अपडेट काळ्या पडद्यावर कमांड लिहूनच करावे, हा राजशेखरचा हट्ट. समोर ठळक बटन असताना टंकत बसणे ही निव्वळ मिजास, हे उज्वलाचे मत. याहूनही क्षुल्लक कारणांवरून माणसे रुसतात. परंतु ऐन लग्नसराईत रुसू नये, एवढे भान तरी असावे.

त्यातच छपाईचे यंत्र अडले. संगणक अपडेट झाल्यावाचून ते बॅनर घेईना. दाराशी चांदपाशा घामाघूम होऊन बसला होता. त्याच्या मुलीचे, साबेराचे लग्न होते, स्वागताचा बॅनर छापायचा होता आणि देगलूरहून वरात निघालीसुद्धा होती.

उज्वलाने दुकानातल्या संगणकावर बटन दाबले. त्याच वेळी आतल्या खोलीतून राजशेखरने लॅपटॉपवरून त्याच संगणकाला कमांड दिली. दोघांनाही एकच उत्तर मिळाले: दुसरे अपडेट चालू आहे, थांबा.

“चांदपाशाभाई, ह्यांना सांगा, कमांड बंद करा म्हणावं!”

“राजूभाऊ, भाभी म्हणून राहिल्या, कमांड बंद करा.”

“कवाच केली! तिला म्हणावं, तू बटन सोड,” आतून आवाज आला.

“मी बी सोडलंय म्हणावं!”

“अरे, वरात उदगीर सोडून आली की हो!” चांदपाशा कळवळला. “व्याह्याला काय भांडण दाखवू का?”

तेव्हा कुठे राजशेखर बाहेर आला आणि उज्वलाच्या खांद्यावरून वाकून त्याने एक कमांड टंकून संगणक तपासला.

“उज्वला, आपण दोघं बी न्हाई गं. ह्योच आपला आपण अपडेट करायलाय.”

“अगं बाई! अन् आपण उगंच तोंड फिरवून बसलाव?”

दोघे न हलता शेजारी बसून राहिले. अपडेट संपले, यंत्र घरघरले आणि गुलाबी अक्षरांत साबेराचे नाव बाहेर आले.

“मंग चांगलं काय, बटन का कमांड?” आनंदाच्या भरात चांदपाशाने नको ते विचारले.

“कमांड. त्यानंच खरं कळालं,” उज्वला समजुतीने म्हणाली.

“छ्या! बटनच बरं. तुझंच बरोबर होतं.”

“मी म्हणते ना, तुमचं बरोबर!”

“अन् मी सांगतो, तुझं!”

आवाज चढू लागले. चांदपाशाने बॅनर काखोटीला मारला. “जेवायला या दोघं,” तो दारातून म्हणाला. परंतु ते ऐकण्याइतके मोकळे तिथे कुणीच नव्हते.